उजव्या सीटवरची अक्का

शीतल हाताने जे करायची ते तोंडाने सांगत करायची. माझ्याकडे आली की चहा तीच टाकायची आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत राहायचा. "गॅस बारीक करतेय. साखर दोन चमचे. दूध वर येतंय, बघतेय, अजून नाही, अजून नाही, आता उतरवलं." पहिल्यांदा मला वाटले ती माझ्याशीच बोलते आहे, म्हणून मी बाहेरच्या खोलीतून हो-हो करत राहिलो. तेव्हा दारातून डोके काढून ती म्हणाली, "सर, तुम्ही उत्तर देऊ नका. माझा सराव चाललाय."

तिला विमान चालवता येत होतेच. आता ते शिकवायला शिकायचे होते. विमान शिकवणाऱ्याचा हात आणि शब्द एकाच क्षणी चालावे लागतात. शब्द मागे राहिला तर शिकणाऱ्याला हाताचे कारण कळत नाही, आणि पुढे गेला तर तो घाबरतो. म्हणून ती स्कूटर चालवताना बोलायची, केळी सोलताना बोलायची, आईच्या केसांना तेल लावतानाही बोलायची. फैजपूरला त्यांच्या गल्लीत लोक हसायचे. तिची आई मला एकदा म्हणाली, "सर, पोरगी येडी झाली का काय, मले समजत नही. कुलूप लावते अन् कुलपाले सांगते का तुले लावू रायली म्हनून."

तो आवाज थांबून दोन उन्हाळे झाले. तिच्याविषयी लिहायचे मी बरेच दिवस टाळले. तिच्या गोष्टीत एक भाग माझा आहे, आणि तो वगळून लिहिले तर तिचे चित्र खोटे होईल.

ती माझी विद्यार्थिनी. फैजपूरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला मी तिला भौतिकशास्त्र शिकवले. वडिलांची केळीची बाग होती. ती मुलगी वर्गात येताना कधी कधी केळीच्या डिंकाचे काळे डाग ओढणीवर घेऊन यायची. लंबकाच्या प्रयोगात बाकीच्या सगळ्या मुलींनी पुस्तकात यायला हवे ते उत्तर आणले, हिचे बरेच लांब आले. मी विचारले, "पुन्हा का नाही केलंस?" तर म्हणाली, "तीनदा केलं सर. मला जे दिसलं ते लिहिलं." मी दोन मार्क कापले. तिच्या टेबलावरचे घड्याळ मंद चालत होते हे मला पुढच्या वर्षी कळले. तोपर्यंत ती कॉलेजातून गेली होती. नंतर ती अनेकदा भेटली, पण मी ते तिला कधी सांगितले नाही.

निवृत्त झाल्यावर मी जळगावला राहायला आलो आणि गावाबाहेरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये हवामान आणि दिशाशास्त्र शिकवू लागलो. पहिल्याच आठवड्यात कार्यालयाच्या खिडकीतून कोणीतरी ओरडले, "सर, तुम्ही इकडे?" ती शीतल होती. विमान चालवण्याचा परवाना तिने तिथूनच काढला होता, चार वर्षे झाली होती, आणि विमान कंपनीची नोकरी मिळत नव्हती. बसून राहण्यापेक्षा म्हणून ती तिथेच उड्डाणांचे वेळापत्रक लावायचे काम करत होती. शिकणारी मुले विशीतली, ही तिशी ओलांडलेली. त्यामुळे सगळ्यांची अक्का झाली होती.

तिच्या बोलण्याची मुलांना गोडी होती आणि धाकही होता. कोणी विमान धसमुसळेपणाने उतरवले की ती खिडकीतून म्हणायची, "काय दादा, कासरा ओढत होतास का? बैल थांबले, विमान थांबेना." कोणी पहिल्यांदा एकट्याने उडून आला आणि छाती काढून चालू लागला की म्हणायची, "आज तू विमानाला आवडलास. उद्याचं उद्या विचारू." तिची एक समजूत होती आणि ती सगळ्यांना ऐकवायची. आधी हात घाबरतो, मग माणूस घाबरतो, आणि तोंडाला सगळ्यात शेवटी कळते. म्हणून कोणी 'मी ठीक आहे' म्हटले की त्याच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा.

तिने इन्स्ट्रक्टर व्हायचे ठरवले तेव्हा सगळ्यांना वाटले, ही तर झालेलीच आहे. फक्त एक गोष्ट ठरायची होती. इन्स्ट्रक्टरची परीक्षा एखाद्या ठरावीक जातीच्या विमानावर द्यावी लागते. नंतर वेगळी तपासणी देऊन दुसऱ्या जातीवर शिकवता येते, पण पहिल्या विमानावर अंगाला जे वळण लागते ते सुटत नाही, असे सगळे वैमानिक सांगतात. आयुष्यभर डाव्या सीटवर बसलेला माणूस उजव्या सीटवर जातो, हातांची कामे उलटी होतात, आणि शेजारी एक अनोळखी जीव असतो. ते शिकताना खाली कोणते विमान आहे याला महत्त्व असते.

आमच्या स्कूलमध्ये सगळी विमाने नवीन, चार सीटची, घड्याळासारख्या काट्यांच्या जागी पडदे असलेली. धुळ्याबाहेरच्या धावपट्टीवर एक जुने, दोन सीटचे, काट्यांचे विमान होते आणि त्यावर शिकवणारे एक म्हातारे इन्स्ट्रक्टर होते. त्यांना सगळे नाना म्हणत. सोनगीरचे. नानांनी शीतलला निरोप पाठवला होता की मी आता थांबणार आहे, शेवटचा एक माणूस तयार करायचाय, तू ये.

"सर, तुम्ही चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मला विमान बघायचंय, तुम्ही नाना बघा."

मार्च महिना होता. धुळ्याला विमान ठेवायच्या हँगरच्या पत्र्याखाली ऊन आतल्या आत उकळत होते. बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक काठीला चिकटून लोंबत होता आणि धावपट्टीवर तीन-चार घारी कशाभोवती तरी फिरत होत्या. नाना स्टुलावर बसून पेरू कापत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "बसा, सर. तुमले हवा शिकाडता येस म्हने. बरं शे."

मग त्यांनी मला विमानात बसवले. मी डावीकडे, ते उजवीकडे. दार ओढले तेव्हा त्यांचा खांदा माझ्या खांद्याला घट्ट टेकला. हलायला जागाच नव्हती. मला संकोच वाटला. नाना हसले.

"लागस ना खांदा? मंग. हाई इमान जुनं शे, पन खोटं बोलत नही. पोऱ्या घाबरना का पह्यले तेन्हा खांदा कडक व्हस. तोंड मांगून सांगस. चार सीटना इमानमा दोन जन बठतस, पन एकला-एकला बठतस."

मी म्हटले, "पण नाना, उन्हाळ्यात दोन माणसं आणि पूर्ण टाकी घेऊन हे वर कसं चढतं?"

"रडत चढस," नाना म्हणाले. "टाकी अर्धी भरतस. सर, हवा कितली गरम शे ते तुमले मालूम. पोरगं कितलं गरम व्हयनं ते कोन सांगई?"

हँगरच्या भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो होता, वाळलेल्या हारासकट. नानांनी त्याविषयी काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. परतताना पारोळ्याच्या पुढे शीतल म्हणाली, "तो त्यांचा विद्यार्थी. दुसरीकडे शिकवायला लागला आणि तिथेच अपघातात गेला." बराच वेळ ती गिअर बदलतानाही काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, तुम्ही दोन्ही विमानांची पुस्तकं वाचा आणि मला सांगा. तुम्ही सांगाल ते मी घेईन."

मी दोन्ही विमानांची पुस्तके पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. त्याला तीन आठवडे लागले. मग मोठ्या कागदावर रेघा मारून तक्ता केला आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक ओळीला दहापैकी मार्क दिले. आमच्या भागातल्या उन्हात हवा विरळ होते, तिच्यात जुने विमान किती कष्टाने चढेल, ते मी गणित करून मांडले. धुळ्याला एकच विमान, ते बंद पडले तर शिक्षण बंद, हे लिहिले. नानांचे वय लिहिले. जळगावला परीक्षा दिली तर तिथेच कामाला लागता येईल, हेही लिहिले.

एक ओळ मला विशेष महत्त्वाची वाटली होती. जुन्या विमानात वेगाचा काटा डाव्या टोकाला असतो. उजव्या सीटवरून तो तिरपा दिसतो, वाचण्यात चार-पाच आकड्यांची चूक होते, आणि नीट वाचायचे तर शिकवणाऱ्याला दरवेळी विद्यार्थ्याकडे वाकावे लागते. नव्यात दोन्ही बाजूंना पडदे असतात. वाकायची गरजच नाही. त्या ओळीत मी जुन्याला शून्य दिले आणि नव्याला दहा.

त्या तक्त्यातली प्रत्येक ओळ खरी होती. आजही खरी आहे.

शीतलने कागद टेबलावर पसरला आणि बोट फिरवत खालपर्यंत आली. "सर, खांद्याचा रकाना कुठाय?"

"तो मोजता येत नाही."

"मोजता येत नाही म्हणजे शून्य?"

"मोजता येत नाही म्हणजे धरायचा नाही," मी म्हटले.

ती हसली. "नाना ऐकतील तर तुम्हाला पेरू देणार नाहीत." मग तिने कागदाच्या घड्या करून तो मला परत दिला, आणि मला आठवते, घड्या करताना तिच्या तोंडून शब्द आला नाही. "बरं सर. तुम्ही म्हणता तर चार सीटचं." तिने माझ्यासमोरच नानांना फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा होता, मला सगळे ऐकू आले. नाना रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बरं, बेटा. मंग पोऱ्याना तोंडकडे पहात जाय."

ती पहिल्या फेरीतच पास झाली. स्कूलमध्ये पेढे वाटले, आणि मला पेढा देताना म्हणाली, "तुमच्या तक्त्याला." मला आनंद झाला होता. तो लपवला नव्हता याची आज लाज वाटते.

पहिले दोन-तीन महिने ती खूश होती. विद्यार्थ्यांच्या नकला करून दाखवायची. एक मुलगा प्रत्येक वेळी उतरताना डोळे मिटतो, म्हणून तिने त्याला सांगितले होते, "दादा, तू मिटलेस तर मीही मिटते, मग विमानाला सांगू, बाई आता तूच बघ." पण हळूहळू तिच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येऊ लागली. "सर, मधे जागा आहे," असे ती म्हणायची. कधी चहा ओतताना, कधी मोटारीत. एकदा तिने दोन सीटच्या मधे पाण्याची बाटली ठेवून पाहिली, म्हणजे विद्यार्थ्याचा हात हलला तर बाटली हलेल. मुले हसली. बाटली नुसतीच घरंगळत राहिली.

जानेवारीत ती एका संध्याकाळी आली आणि न बोलता खुर्चीत बसली. मी चहा केला. मग तिने सांगितले. एक अतिशय शांत मुलगा होता. उतरताना शेवटच्या क्षणी त्याने विमान ओढून धरले, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर. तिने सावरले, चाके आपटली, मोडले काही नाही.

"मला कळलंच नाही सर. तो माझ्यापासून हातभर अंतरावर घाबरत होता आणि मी माझ्या पडद्यावर वेग बघत होते." ती कपाकडे पाहत होती. "वेग बरोबर होता."

"मग चूक कुठे होती?" मी विचारले.

"तेच तर. पडद्यावर कुठेच नव्हती."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "दोन महिने नानांकडे जाऊन त्या विमानात बसून यावं असं वाटतं. आत्ताच. ते अजून आहेत तोवर."

मी म्हटले, "आत्ता मुलांची उड्डाणं जोरात आहेत. मे संपू दे. पावसाळ्यात उड्डाणं कमी असतात, तेव्हा जा." आणि तेही खरे होते. ती "बरं" म्हणाली. तिला माझे ऐकायची सवय मीच लावली होती.

मार्चमध्ये तिच्या वडिलांच्या आजारपणाचे कळले म्हणून फैजपूरला गेलो. आबा झोपले होते. तिच्या आईने मला ओट्यावर थांबवले आणि हळू आवाजात विचारले, "सर, ते इमान बरं हाये ना? पोरगी आता घरात बोलत नही पहिल्यासारखी. तेल लावते त मुकाट लावते."

"उत्तम आहे," मी म्हटले. "मी स्वतः पाहिलंय सगळं."

त्यांनी मान हलवली.

मे महिन्यातली ती सकाळ साडेआठची होती. आकाश निळे नव्हते, पांढरे होते, भांड्याच्या बुडासारखे. मी वर्गात शांत दिसणाऱ्या हवेविषयी शिकवत होतो. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली आणि आत येईना, बाहेरही जाईना. मी विचारले, "काय गं?" ती म्हणाली, "सर, अक्का रेडिओवर उत्तर देत नाहीये."

त्या दिवशी तिच्याबरोबर कविता होती, साक्रीची, वीस वर्षांची. शब्द मोजून बोलणारी. त्या सकाळच्या धड्यात विमानाचा वेग इतका कमी करतात की पंखांना ते पेलवत नाही, आणि मग दोन्ही सीटसमोरचे, एकमेकांना जोडलेले दांडे सैल सोडून नाक खाली जाऊ देतात की विमान सावरते. सावरायची पहिली अट सोडणे ही आहे. त्या दिवशी एक पंख खाली गेला आणि विमान फिरत खाली निघाले. शीतलने ते सावरलेही, पण उशिरा. तापीच्या अलीकडे, कापसासाठी नांगरून ठेवलेल्या रानात ते टेकले, आणि उजवी बाजू आधी टेकली. कविताचा पाय मोडला. शीतल उजवीकडे होती.

चौकशी झाली. दोन अधिकारी आले. त्यांनी मला त्या दिवशीचे तापमान आणि वारा विचारला, मी बरोबर आकडे दिले. विमानात दोष नव्हता. सावरायला उशीर झाला, असे कागदावर लिहिले गेले. तिने हेच विमान का घेतले, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. मी तेराव्याला फैजपूरला गेलो, नंतरही जात राहिलो. तिची आई मला दरवेळी चहा द्यायची आणि समोर बसून राहायची. मी आबांच्या तब्येतीचे विचारायचो. नाना त्याच पावसाळ्यात गेले.

यंदा होळीनंतर कविता माझ्याकडे आली. पाय थोडा ओढत चालत होती. माझ्या पुस्तकांकडे पाहत बसली आणि मग एकदम म्हणाली, "सर, मी कोणाला सांगितलं नाहीये. अक्का म्हणाली होती, आता माझ्याकडे दे. मी ऐकलं. हो म्हणाले. पण दांड्यावरचे हात सोडले नव्हते. मला वाटत होतं की सोडलेत."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"ती दांडा पुढे ढकलत होती आणि तिला कळेना की का जात नाहीये. पडद्याकडे बघत होती. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा वाकून माझ्याकडे बघितलं. मग माझी बोटं एकेक करून सोडवली." तिने स्वतःचे हात मांडीवर उलटे ठेवले. "अक्काला मी मारलं, सर."

"असं म्हणू नये," मी म्हटले. एवढेच म्हटले. तिने मान हलवली, चप्पल घातली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. जिना लांब आहे, तिला वेळ लागत होता. वरून हाक मारून सांगता आले असते. तक्ता टेबलाच्या खणात होता. मी हाक मारली नाही.

आठ दिवस मला जेवण गेले नाही. वीस-बावीस वर्षांची मुलगी माझे ओझे स्वतःचे समजून घेऊन गेली होती, आणि मी ते तिला नेऊ दिले होते. नवव्या दिवशी मी तक्ता पिशवीत घातला आणि साक्रीची एस.टी. धरली. बाजाराचा दिवस होता; तिच्या वडिलांचे बियाण्याचे दुकान गर्दीने भरले होते. कविताने मला मागच्या खोलीत नेले. मी कागद उलगडला आणि सगळे सांगितले: नाना काय म्हणाले, शीतलने कोणता रकाना विचारला, मी काय उत्तर दिले, जानेवारीत ती काय म्हणाली आणि मी तिला मे संपू दे म्हटले.

कविता वाकून ती ओळ वाचत राहिली, शून्य आणि दहाची. तिला रडू येईल असे मला वाटले होते. तिने विचारले, "हे तुम्ही अक्काच्या आईला सांगितलंय?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी कशाला आलात?"

तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि दुकानात जाऊन वडिलांना म्हणाली, "बाबा, मी सरांसोबत फैजपूरला चाललेय. उद्या येईन."

वडील मापट्यावरून मान वर न करता म्हणाले, "जेवीसन जाय."

आम्ही जेवलो आणि निघालो. धुळ्याला एस.टी. बदलली, जळगावला पुन्हा बदलली. यावलच्या पुढे केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा कविता म्हणाली, "त्या ओरडल्या तर ओरडू द्या, सर. मधे बोलू नका." दिवेलागणीला आम्ही पोचलो. शीतलची आई ओट्यावर डाळ निवडत होती. कविताला तिने कधी पाहिले नव्हते.

"हे कोन?"

"मी कविता. त्या दिवशी अक्कासोबत होते."

आईने सूप बाजूला ठेवले. तिच्याकडे पाहिले, मग तिच्या पायाकडे. "पाय दुखते का अजून?"

"थंडीत दुखतो."

"बस. या सर, बसा."

कविता बसली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. तक्ता पिशवीतून काढला, पण त्यांना वाचायला देण्यात अर्थ नव्हता, म्हणून हातात धरूनच बोललो. धुळ्याचे विमान, खांदा, शून्य. माझा आवाज वर्गातल्यासारखा येत होता आणि तो मला बदलता येत नव्हता. मी शेवटपर्यंत सांगितले. जानेवारीचेही सांगितले.

त्यांनी मधे एकदाही थांबवले नाही. सगळे झाल्यावर पदराने हात पुसले.

"मले मालूम हाये, सर," त्या म्हणाल्या. "तिनं त्याच दिवशी सांगलं व्हतं. सरांनी सांगलं म्हनून चार सीटचं घेतलं, म्हने. मी म्हटलं, बाई, तुले काय वाटते? त म्हने, मले दुसरं वाटते, पन सर चुकत नही." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढले. "दोन वर्सं झाली, तुमी येता, चहा पेता, आबाचं इचारता अन् जाता. तुमी कव्हा सांगता त्याची वाट पाहू रायली व्हती मी. आता बसा."